डॉक्टरांच्या आधीचं टेबल

दौंड–सोलापूर लोहमार्गावरचं जेऊर तसं आटोपशीर गाव, पण दवाखान्यांत गर्दी पंचक्रोशीची. वांगी, चिखलठाण, कुगाव अशा उजनीकाठच्या गावांतली माणसं इथं येतात. ऊस आणि केळीची कामं उरकून येतात, म्हणजे दुखणं बरंच अंगावर काढून झाल्यावर. अशाच एका खासगी दवाखान्यात ओपीडी चालते कशी, हे बघत मी बसलो होतो. डॉक्टर एकटेच. माझं लक्ष मात्र त्यांच्या केबिनपेक्षा बाहेरच्या टेबलावर जास्त होतं.

तिथं कंपाउंडर केसपेपर काढतो, वजन घेतो. शेजारी सिस्टर. पेशंट आला की लगेच बीपीचा पट्टा गुंडाळायचा नाही, हा तिचा नियम. एसटीतून उतरून उन्हातून चालत आलेल्याला आधी पाच मिनिटं बसवते. "मामा, आत्ता चहा घेतलाय का? तंबाखू?" मग हात टेबलावर, छातीच्या पातळीत, आणि तोंड बंद. मामांना तोंड बंद ठेवणंच जास्त जड जातं.

दुपारी एक आजी पाय सुजलेत म्हणून आल्या. सिस्टरनं पायाआधी पिशवी मागितली. आजींनी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. अर्धवट स्ट्रिपा, एक मळका कागद, सुपारी. सिस्टर एकेक स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचू लागली. दोन स्ट्रिपा बाजूला काढल्या. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, औषध एकच : बीपीचं ॲम्लोडिपिन.

"ह्या दोन्ही रोज घेताय व्हय, आजी?"

"एक इथल्या डॉक्टरची, एक लेकाकडं गेले तवा पुण्याची. दोघांनी बी बंद करू नका म्हणून सांगितलंय."

या औषधानं पायांना सूज येऊ शकते आणि डोस वाढला की ती शक्यताही वाढते. सिस्टरला ते ठाऊक होतं. तरी 'ही गोळी सोडा' असं ती म्हणाली नाही. केसपेपरवर दोन्ही नावं लिहून लाल पेनानं गोल केला आणि कागद आत पाठवला. डॉक्टरांनी तो गोल पाहिला, पाय दाबून बघितले, छाती तपासली, लघवीची तपासणी सांगितली आणि एक गोळी थांबवली. उरलेला वेळ ते आजींशी बोलत होते. एरवी हा वेळ स्ट्रिपा वाचण्यातच गेला असता. किंवा, खरं सांगायचं तर, कुणी वाचल्याच नसत्या.

६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा २०१७ साली 'बीएमजे ओपन'मध्ये आला होता. बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, आपल्याकडं जेमतेम दोन. डॉक्टर वाढतील तेव्हा वाढतील. तोवर या दोन मिनिटांतून नाव, वय, वजन, बीपी आणि जुनी औषधं बाहेर काढता येतात.

हा धडा शेजारच्या जामखेडनं केव्हाच दिलाय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं. खेड्यांत शिकलेल्या नर्स रुळेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका तयार केल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. बाळंतपण, जुलाब, कुपोषण त्यांनी गावातच हाताळलं आणि खरोखर गरज असलेला पेशंट तेवढा दवाखान्यात आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते तिथलं नेमानं चालणारं शिक्षण. बायका जामखेडला यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, नवं शिकून परत जायच्या.

आपल्याकडचं घोडं नेमकं इथंच अडतं. मदतनीस ठेवायचा तो पडेल त्या कामाला, आणि शिकवायला कुणालाच सवड नाही. त्यातून दुसरं टोक गाठलं जातं : डॉक्टर बाहेरगावी आणि कंपाउंडर सुई टोचतोय. जेऊरच्या त्या सिस्टरचा लाल गोल मला म्हणूनच मोलाचा वाटला. कुठं थांबायचं हेही ती शिकली होती. अशा माणसाला पगारही कामाच्या तोलाचा हवा, नाहीतर चार महिन्यांत ती मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात जाते आणि डॉक्टर पुन्हा स्ट्रिपा उलटत बसतात.

तुम्ही दवाखान्यात जाल तेव्हा घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा. आणि बाहेरच्या टेबलावर विचारतील ते नीट सांगा. 'डॉक्टरांनाच सांगेन' म्हणून अडून बसू नका.