गृहशिक्षणात साहित्याचा अभ्यास

व्याप्ती

मुलाचे नाव शाळेत न घालता त्याच्या शिक्षणाची जबाबदारी पालकांनी स्वतःकडे घेणे म्हणजे गृहशिक्षण; बोलण्यात त्याला सर्रास होमस्कूलिंग म्हणतात. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षणचिंतकाच्या लेखनाने आणि १९७७ साली त्याने सुरू केलेल्या नियतकालिकाने या विचाराला मोठी चालना मिळाली. महाराष्ट्रातही, विशेषतः पुणे-मुंबई परिसरात, हा मार्ग निवडणारी कुटुंबे आहेत. लहान वयात भाषा आणि साहित्य वेगळे शिकवावे लागत नाही; ऐकलेली गोष्ट, पाठ झालेली कविता, हाताला लागलेले पुस्तक एवढे पुरते. चौदा ते अठरा या वयात मात्र साहित्य हा स्वतंत्र विषय होतो. कलाकृती कशी रचली आहे, तिचा अर्थ कसा लागतो आणि लागलेला अर्थ संहितेच्या आधाराने कसा मांडायचा, हे त्याचे तीन भाग. येथील विवेचन याच टप्प्यापुरते आहे.

कायदा आणि परीक्षा

२००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि तो सहा ते चौदा या वयोगटापुरता आहे. माध्यमिक टप्पा बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर राहतो. परीक्षेसाठी मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. १९८९मध्ये स्थापन झालेली ही संस्था एनआयओएस म्हणून ओळखली जाते आणि तिच्या माध्यमिक परीक्षेत मराठी हा विषय घेता येतो. दुसरी वाट राज्य मंडळाच्या खासगी विद्यार्थ्यांची, म्हणजे घरोघरी माहीत असलेला १७ नंबरचा फॉर्म. तिसरी केंब्रिजच्या आयजीसीएसईची. तिच्यात इंग्रजी साहित्य हा भाषेहून वेगळा विषय आहे. या निवडीवर साहित्याच्या अभ्यासाचे स्वरूप बरेच ठरते. मंडळाच्या परीक्षेत रसग्रहण आशय, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा ठरलेल्या अंगांनी लिहायचे असते. केंब्रिज आशयाचे ज्ञान, अर्थाची समज, लेखकाच्या भाषा-रचनेची जाण आणि वाचकाचा स्वतःचा प्रतिसाद या चार गोष्टी तपासते. पहिल्या पद्धतीत तयार रसग्रहणांची गाईडे खपतात, म्हणून ती पद्धतच निकामी ठरत नाही. आशय आणि भाषा वेगळी करून पाहण्याची सवय ती लावते. फक्त त्या सवयीला पाठ केलेल्या विशेषणांचा आधार देऊ नये.

घरात काय उणे असते

गणिताचे उत्तर चूक की बरोबर हे उत्तर पाहून कळते. कवितेच्या अर्थाची पडताळणी दुसऱ्या वाचकाशी गाठ पडल्यावर होते. वर्गात हे काम फारसे न ठरवता होत असते. शिक्षक सुमार असला तरी चाळीस मुलांपैकी कोणीतरी भलताच अर्थ सांगते, कोणी त्यावर हसते, आणि आपल्याला उघड वाटलेली गोष्ट सर्वांना उघड नाही हे उरलेल्यांना समजते. घरात शांतता असते, वेळ असतो, एका कादंबरीवर महिना घालवण्याची मुभा असते. फक्त हा दुसरा वाचक नसतो. पालक असतो, पण तो त्याच घरातला, त्याच संस्कारांतला, शिवाय शब्द अखेरचा असलेला. त्यामुळे गृहशिक्षणात साहित्य शिकवण्याच्या ज्या पद्धती टिकल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकींचे खरे काम दुसरे वाचन उभे करणे हेच आहे.

पुनर्कथन

इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांच्या पद्धतीचा हा गाभा. उतारा एकदाच लक्षपूर्वक वाचायचा किंवा ऐकायचा आणि पुस्तक मिटून तो आपल्या शब्दांत सांगायचा. मधे प्रश्न नाहीत, दुरुस्ती नाही. सांगणाऱ्याने काय गाळले, काय वाढवले, कोणत्या पात्राला झुकते माप दिले यावरून त्याने लावलेला अर्थ आपोआप उघडा पडतो. मोठ्या मुलांसाठी यात एक भर घालता येते: तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या बाजूने सांगणे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण मास्तराच्या नजरेतून उलगडते. तीच वस्ती कारभाऱ्याच्या नजरेतून सांगायला घेतली की निवेदक म्हणजे काय, हे व्याख्येशिवाय कळते. पुनर्कथनाला कथात्म साहित्य मानवते. भावकवितेला ही पद्धत लावली, तर हाती सारांश उरतो आणि कविता निसटते.

नाव झाकलेली कविता

केंब्रिजचे समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे न देता तेरा कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथात तपासले. उत्तम शिकलेल्या विद्यार्थ्यांनीही दुबळ्या कवितांची वाहवा केली आणि डन, हॉपकिन्स यांच्या कविता नापसंत ठरवल्या. रिचर्ड्स यांनी वाचनातील अडथळ्यांची नोंद केली: साधा अर्थच न लागणे, स्वतःच्या आठवणी कवितेवर लादणे, ठरीव भावना आपोआप उमटणे. घरी हा प्रयोग सहज करता येतो, आणि पालकाने कविता निवडली नसेल तर तोही त्यात सामील होऊ शकतो. दोघांनी वेगवेगळे लिहायचे आणि मगच कागद अदलाबदल करायचे. पालकाच्या अधिकाराला कात्री लागणारा हा दुर्मीळ प्रसंग असतो. लिहिण्याआधी चर्चा झाली तर मात्र त्याचा काही उपयोग राहत नाही. आयजीसीएसईतील न पाहिलेल्या उताऱ्यावरचा प्रश्न याच परंपरेतला असल्याने परीक्षेची तयारीही त्यातच होते.

जोडवाचन

मराठी-इंग्रजी अशा दोन भाषांत वाचणाऱ्या घराला ही सोय फार मोठी आहे. मूळ नाटक आणि त्याचे रूपांतर शेजारी ठेवले की रूपांतरकार हाच दुसरा वाचक होतो. त्याने मूळ कृती कशी वाचली याचा लेखी पुरावाच समोर असतो. शॉचे ‘पिग्मॅलियन’ प्रथम १९१३मध्ये व्हिएन्नात रंगभूमीवर आले, पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ १९७५चे. लंडनमध्ये फुले विकणारी इलायझा आणि मुंबईची मंजुळा, दोघींच्या उच्चारांवरून त्यांची पायरी ठरवली जाते. पण इंग्रजीत उच्चार प्रामुख्याने वर्गाची खूण आहे, तर मराठीत ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ म्हटले की प्रदेश आणि जातही सोबत येतात. शब्दशः भाषांतर येथे का चालले नसते, हा प्रश्न पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला काही आठवडे पुरतो. शेवटाचाही स्वतंत्र अभ्यास होतो. १९१४च्या लंडन प्रयोगात, इलायझाला उच्चार शिकवणाऱ्या हिगिन्सची भूमिका करणाऱ्या नटाने शेवटी इलायझाकडे फुले फेकून प्रेमकथेचा आभास निर्माण केला. शॉला तो अजिबात रुचला नाही, आणि पुढे इलायझा हिगिन्सशी नव्हे तर फ्रेडीशी लग्न करते असे सांगणारे उपसंहारपर टिपण त्याने जोडले. नाटकाचा अर्थ लेखकाच्या हाती किती आणि नटाच्या हाती किती, याचे याहून नेमके उदाहरण सहसा सापडत नाही.

‘किंग लिअर’ आणि वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) ही जोडी अधिक अवघड, कारण दुसरे पहिल्याचे रूपांतर नाही. तेथे नाते आठवणीचे आणि प्रतिसादाचे आहे. लिअर राज्य वाटतो, गणपतराव बेलवलकर मिळकत वाटतात. लिअरच्या तीन मुली. गणपतरावांना एक मुलगा, एक मुलगी, आणि लिअरच्या प्रामाणिक धाकट्या मुलीची, कॉर्डिलियाची, जागा रिकामी. उलट लिअरची राणी रंगमंचावर येतच नाही, तर येथे गणपतरावांची पत्नी कावेरी अर्ध्या नाटकाचा भार उचलते. भर दरबारातली प्रेमाची परीक्षाही गळली आहे. काय गळले आणि काय आले याचा तक्ता विद्यार्थ्याने स्वतः केला तर शोकांतिकेच्या सिद्धांतावरचे एखादे प्रकरण नंतर वाचले तरी चालते. आधी वाचले तर तक्ता त्या प्रकरणाबरहुकूम होतो.

गद्यासाठी हेमिंग्वेची कोळ्याची कादंबरिका आणि पु. लं.चा अनुवाद ‘एका कोळियाने’ ही जोडी सोपी पडते. अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ (१९७६) थोड्या वेगळ्या कारणासाठी उपयोगी: येथे विद्यार्थ्याला परकी भाषा नसून आपलेच गाव परक्या भाषेत दिसते.

मोठ्याने वाचन

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने कविता मोठ्याने वाचणे वेळेत बसत नाही, घरात बसते. भुजंगप्रयात वृत्तात लघु-गुरु-गुरु हा गण चार वेळा येतो आणि चरणाची बारा अक्षरे होतात. ‘मनाचे श्लोक’ या वृत्तात असल्याने बहुतेक मराठी घरांत ही चाल आधीच कानावर असते. नियम मागाहून आला तरी बिघडत नाही. थोरल्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असून दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळते. शेवटचा आखूड चरण अर्थालाही थांबा देतो, हे ऐकूनच समजते. बहिणाबाईंची गाणी तर आधी म्हटली गेली आणि मग इतरांनी उतरवून घेतली; पुस्तक १९५२मध्ये, त्यांच्या निधनानंतर निघाले. ती केवळ डोळ्यांनी वाचणे म्हणजे अर्धेच वाचणे. नाटकासाठी भूमिका वाटून घ्याव्या लागतात, आणि माणसे कमी असली की एकाने दोन परस्परविरोधी भूमिका वाचणे हा तोटा ठरतोच असे नाही.

लेखन

उत्तराची लांबी वाढवणे आणि विधान सिद्ध करणे या दोन गोष्टी शालेय लेखनात अनेकदा एकच मानल्या जातात. साहित्यावरील निबंधाचे एकक विधान हे आहे: एक दावा, संहितेतील नेमकी जागा, आणि त्या जागेवरून दाव्यापर्यंत कसे पोचलो याचे स्पष्टीकरण. तिसरा भाग बहुधा सुटतो, कारण लिहिणाऱ्याला तो उघड वाटतो. आणि घरातल्या वाचकालाही उघडच वाटतो, कारण चर्चा दोघांनी मिळून केलेली असते. म्हणून निबंध अधूनमधून अशा कोणाला तरी दाखवावा लागतो ज्याने ती चर्चा ऐकलेली नाही. पहिला आणि दुसरा खर्डा यांत काही दिवस जाऊ देणे हाही एक उपाय: लेखक स्वतःच्याच मजकुराकडे काहीसा परका होऊन पाहतो.

बाहेरचे वाचक

दोन-चार कुटुंबांनी मिळून चालवलेला वाचनगट हा सर्वांत सरळ मार्ग. वयाची समानता आवश्यक नाही. उलट सार्वजनिक ग्रंथालयातील निवृत्त सभासद आणि सतरा वर्षांचा विद्यार्थी यांचे ‘कोसला’बद्दलचे (१९६३) मत जुळण्याची शक्यता कमी, आणि तेच हवे असते. मराठीत जुन्या ग्रंथालयांची परंपरा भक्कम आहे. पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ची. छापील समीक्षा हादेखील वाचकच, पण ती उशिरा द्यावी. आधी दिली तर मुलाचे मत तयार होण्यापूर्वीच समीक्षकाचे मत त्याची जागा घेते.

मर्यादा

कुटुंब पुस्तके निवडते तेव्हा नकळत आपले जगही निवडते. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही पुस्तके यादीत असली तरी ती कोणत्या घरात वाचली जातात यावर बरेच अवलंबून असते. शहरातल्या सवर्ण घरात ‘बलुतं’ सहानुभूतीने वाचले जाईल. पण ज्याच्या घरच्या गोष्टी त्या पुस्तकाशी मिळतात असा मुलगा त्या खोलीत नसेल, तर सहानुभूतीला प्रत्युत्तर मिळत नाही. शाळा जातिभेदापासून मुक्त नसतात, तरीही अशी गाठ तेथे पडू शकते. लैंगिकता आणि हिंसा यांबाबत पालकाचा संकोच हीदेखील खरी अडचण. ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह त्यामुळे बहुतेक याद्यांबाहेर राहतो. मूल्यमापनाचा प्रश्न त्याहून कोरडा आहे: शिकवणारा, वाचणारा आणि गुण देणारा एकच असतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पालकांनी तयार केलेली अभ्यासपत्रिका, पुस्तकांची यादी आणि निबंधांचे नमुने विचारात घेतात. भारतात पदवीच्या प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त मंडळाची गुणपत्रिका लागते, म्हणून चार वर्षे मोकळेपणाने वाचलेल्या विद्यार्थ्यालाही अखेरच्या वर्षात काही महिने घड्याळ लावून, ठरलेल्या गुणांच्या प्रश्नांना ठरलेल्या लांबीची उत्तरे लिहिण्याचा सराव करावा लागतो.