मोठेपणी इंग्रजी शिकताना

अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत, चर्चच्या तळघरांत आणि वस्तीतल्या समाजकेंद्रांत आठवड्यातून एक-दोनदा प्रौढांसाठी इंग्रजीची मोफत शिकवणी चालते. शिकणारे बहुतेक परदेशातून आलेले असतात. त्यांत हॉटेलात भांडी घासणारे असतात, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बायका असतात, नुकतेच आलेले निर्वासित आणि मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबाही असतात. शिकवणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, नर्स, कॉलेजातली मुले असे सगळे असतात; त्यांना पगार नसतो. सरकारी पैशावर चालणारे वर्गही आहेत. १९६६च्या प्रौढ शिक्षण कायद्यापासून त्यांना केंद्राचा निधी मिळत आला आहे. पण गरज त्याहून मोठी आहे, आणि उरलेल्या कामाचा बराच भार स्वयंसेवक उचलतात.

अमेरिकेच्या शिक्षण सांख्यिकी केंद्राने २०१९ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार इंग्रजी वाचून समजून घेण्यात कच्चे असलेले प्रौढ सुमारे ४ कोटी ३० लाख आहेत, म्हणजे पाचांत एक. त्यांतले एकतृतीयांश परदेशात जन्मलेले. हा आकडा जपून वाचायला हवा, कारण चाचणी इंग्रजीतूनच होते. स्वतःच्या भाषेत वर्तमानपत्र, हिशेब, पत्रव्यवहार सहज करणारा माणूसही तीत कच्चा ठरतो आणि कुठल्याच भाषेत कधी पाटीला हात न लावलेला माणूसही त्याच रकान्यात जाऊन बसतो. या दोघांना एकाच पुस्तकातून शिकवायला बसणे ही शिकवणीतली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती अजूनही होते.

स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याचे काम तसे जुनेच. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली शिकागोत हल हाउस सुरू केले, तिथे युरोपातून आलेल्या मजुरांसाठी इंग्रजीचे वर्ग भरत. पण आजच्या स्वयंसेवी शिकवणीची घडण मुख्यतः दोन माणसांची आहे.

पहिले फ्रँक लॉबाक. फिलिपाइन्समधील मिंदानाओ बेटावर लानाओ सरोवराकाठी राहणाऱ्या मारानाओ लोकांत हे मिशनरी काम करत होते. त्या भाषेतली बहुतेक व्यंजने येतील असे मोजके शब्द निवडून त्यांनी वाचनाचे तक्ते केले. पुढे महामंदीत अमेरिकेहून येणारा पैसा आटला आणि शिक्षकांना पगार देणे अशक्य झाले. तेव्हा तिथल्या एका सरदाराने, जो शिकेल त्याने दुसऱ्याला शिकवलेच पाहिजे, असे फर्मावले, ही हकीगत लॉबाक सांगत. ‘एकाने एकाला शिकवावे’ हे त्यांचे सूत्र तिथून जगभर गेले. १९३०च्या दशकात ते हिंदुस्थानातही आले, गांधीजींना भेटले, आणि १९४० साली त्यांनी ‘इंडिया शॅल बी लिटरेट’ हे पुस्तक लिहिले. १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात त्यांची साक्षरता संस्था उभी राहिली.

दुसऱ्या रूथ कोल्विन. त्याही सिराक्यूजच्याच, हा योगायोगच. १९६१ साली जनगणनेवरची एक बातमी त्यांच्या वाचनात आली. त्यांच्या शहराच्या परिसरात ११,००० हून अधिक प्रौढांना कामापुरतेही लिहितावाचता येत नव्हते. कोल्विन यांनी चर्चमधल्या बायकांना जमवले, विद्यापीठातील तज्ज्ञांकडून पद्धत शिकून घेतली आणि १९६२ मध्ये काम सुरू केले. त्यातून ‘लिटरसी व्हॉलंटियर्स ऑफ अमेरिका’ ही संस्था झाली. नुसती सदिच्छा पुरत नाही, शिकवणाऱ्यालाही आधी शिकवावे लागते, हा त्यांचा आग्रह होता आणि तोच त्यांचा मोठा वारसा. २००२ मध्ये या दोन्ही संस्था एक होऊन ‘प्रोलिटरसी’ झाली. २००६ साली कोल्विन यांना अमेरिकेचे ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले. २०२४ मध्ये, वयाच्या १०७व्या वर्षी त्या गेल्या.

लॉबाक यांच्या पद्धतीला इंग्रजीत एक अडचण आली. मारानाओ शेतकऱ्याला त्याची भाषा येतच होती, फक्त अक्षरओळख नव्हती. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम निघाली तेव्हाही शिकणाऱ्यांना मराठी घरचीच होती. अमेरिकेत आलेल्या निर्वासिताला मात्र ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे सगळे एकदमच शिकावे लागते. १९७५ नंतर लाओसमधून अमेरिकेत आलेल्या मोंग लोकांपैकी अनेकांनी पेन्सिल पहिल्यांदा तिथेच हातात धरली. त्यांच्या भाषेची रोमन लिपीच मुळी १९५०च्या दशकात तयार झाली होती. अशा माणसाला छापील ओळ डावीकडून उजवीकडे जाते, चित्राखालचा मजकूर त्या चित्राबद्दलच असतो, इथपासून सांगावे लागते. हे न ओळखता त्याच्यापुढे व्याकरणाचे तक्ते ठेवणारा शिक्षक त्याला पहिल्याच आठवड्यात गमावतो.

मराठी आजी-आजोबांची अडचण वेगळी. त्यांना लिपी हा प्रकार नवा नाही, अनेकांना शाळेतले इंग्रजीही आठवते. अडते ते कानाशी. मराठीत एकच ‘व’ असल्याने ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ सारखेच ऐकू येतात. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नसल्यामुळे बोलताना गळतात. देवनागरीत लिहिले तसे वाचायची सवय असते, आणि इंग्रजीत तर ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे ‘दो’, ‘थ्रू’, ‘रफ’ आणि ‘कॉफ’ या शब्दांत चार तऱ्हांनी उच्चारली जातात. अशा विद्यार्थ्याला बाराखडीसारखी ए-बी-सी-डी गिरवायला लावण्यात अर्थ नाही. त्याला बोलायला माणूस हवा.

म्हणून चांगल्या शिकवणीत पुस्तक नंतर येते. ‘भाषानुभव’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत बघण्यासारखी आहे. शिकणारी बाई कालची गोष्ट सांगते : ‘येस्टरडे बस नो कम. आय वॉक. व्हेरी कोल्ड.’ शिक्षक ती तिच्याच शब्दांत कागदावर उतरवतो, बोट ठेवत वाचून दाखवतो, मग ती वाचते. मजकूर तिचाच असल्याने पुढचा शब्द तिला आधीच ठाऊक असतो. नंतर तेच शब्द चिठ्ठ्यांवर लिहून, मिसळून, पुन्हा जुळवायचे. व्याकरणाची चूक तशीच ठेवावी की लिहितानाच सुधारावी, याबद्दल शिक्षकांत मतभेद आहेत. पहिल्या वाचनात ती तशीच ठेवणे बरे, कारण तिथे बाईला स्वतःचे बोलणे कागदावर ओळखायचे असते. ‘डिड नॉट कम’ पुढच्या खेपेला शिकवता येते. अगदी नवख्यांसाठी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची पद्धत आहे. ‘उठा’, ‘दार उघडा’, ‘पुस्तक द्या’ असे सांगायचे आणि करून दाखवायचे. विद्यार्थ्याने बोललेच पाहिजे असा धाक नाही. समजले की नाही ते हालचालीवरून कळते.

नवख्या स्वयंसेवकाच्या चुका ठरलेल्या असतात. तो मोठ्याने बोलतो, जणू समोरच्याला ऐकू येत नाही. प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त करतो, म्हणून विद्यार्थी बोलायचा थांबतो. तासातला निम्म्याहून जास्त वेळ स्वतःच बोलतो. इंग्रजी येते म्हणजे शिकवता येते, या समजुतीतून हे सगळे होते. म्हणूनच काम सुरू करण्यापूर्वी काही तासांचे प्रशिक्षण बहुतेक संस्था सक्तीचे करतात.

कित्येकांसाठी या शिकवणीचे टोक म्हणजे नागरिकत्वाची परीक्षा. तीत तीन वाक्यांपैकी एक बरोबर वाचावे लागते आणि तीनपैकी एक लिहावे लागते. शिवाय इतिहास आणि राज्यव्यवस्थेवर तोंडी प्रश्न असतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारले जातात, १२ बरोबर यावे लागतात. पन्नाशी उलटलेल्यांना इंग्रजीतून सूट आहे, पण ग्रीन कार्डावर २० वर्षे राहिलेल्यांनाच. पंचावन्नच्या पुढे १५ वर्षे. मुलाने साठीत बोलावून घेतलेले वडील पाच वर्षांनी अर्ज करायला पात्र होतात तेव्हा सहसा या सवलतीत बसत नाहीत. त्यांना परीक्षा इंग्रजीतूनच द्यावी लागते.

शिकवणी सुटायची कारणे बहुधा अभ्यासाबाहेरची असतात : कामाची पाळी बदलते, मुले सांभाळायला कोणी नसते, बस वेळेवर येत नाही. अनेक संस्थांत प्रतीक्षायादी असते. त्यात केंद्राचा निधी २०१४च्या कायद्याने रोजगार आणि चाचणीतली प्रगती यांच्याशी बांधला आहे. त्यामुळे ज्याला नोकरी करायची नाही, फक्त डॉक्टरशी स्वतः बोलायचे आहे किंवा नातवाच्या शाळेतले पत्र वाचायचे आहे, अशा माणसाची प्रगती कुठल्याच रकान्यात धड बसत नाही. हे अन्यायाचे आहे. अशा माणसांना आज मुख्य आधार आहे तो बिनपगारी शिक्षकाचाच.

आईवडिलांना कायमचे अमेरिकेत बोलावून घेणाऱ्या मराठी मुलांनी त्यांचे नाव जवळच्या ग्रंथालयातल्या वर्गात नोंदवावे, पहिल्या दिवशी सोबत जावे, आणि नंतर त्यांच्या वतीने बोलणे हळूहळू थांबवावे. ज्यांना जमेल त्यांनी त्याच ग्रंथालयात शिकवण्यासाठी स्वतःचेही नाव द्यावे.