पोर ढ नाही, कान अधू आहे

मी शाळेत मास्तर होतो, शेवटी हेडमास्तर झालो. पुष्कळ मुले हाताखालून गेली. पण एका मुलाची आठवण आली की अजून मान खाली जाते.

ही गोष्ट १९८९ सालची. तो मुलगा तिसरीत होता. मागे बसायचा. प्रश्न विचारला की नुसता तोंडाकडे बघायचा. मी 'सहा' सांगावे, त्याने 'दहा' लिहावे. मी त्याला ढ म्हटले. छडीही मारली.

एक दिवस त्याची आजी आली. म्हणाली, "गुरुजी, त्याचा कान लहानपणापासून वाहतो. हाक मारली तर ऐकू जात नाही. त्याला मारू नका." हे मी आधी कधी विचारलेच नव्हते.

मी त्याला पुढे बसवले. त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलू लागलो. शब्द फळ्यावर लिहू लागलो. वडिलांनी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. औषधाने कान वाहायचा थांबला. ऐकू मात्र कमीच येत राहिले. तरी वर्षअखेर पोरगा पाढे धडाधड म्हणू लागला. अक्कल होतीच. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

आता आपल्या घरी बघा. बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी आवाजाकडे मान वळवत नाही. दीड वर्षाचे झाले, तरी एकही शब्द बोलत नाही. मोठे मूल सारखे 'काय? काय?' करते. पाठमोरे असताना हाक मारली तर वळत नाही. यातली एक खूण दिसली तरी तपासणी करा. 'बापही उशिरा बोलला' असे म्हणून दिवस घालवू नका. मूल ऐकूनच बोलायला शिकते.

कानात तेल घालू नका, काडी घालू नका. मुलाला आरोग्य केंद्रात न्या. तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवतात. तिथे यंत्राने कान तपासतात. २०१३ सालापासून सरकारी डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुले तपासते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

कानाचे झाले, तसेच आणखीही असते. कोणाची नजर कमी असते. कोणी हुशार असते, पण अक्षर ओळखणे त्याला फार जड जाते. कोणाला समजायला वेळ लागतो. ही मुले मारून शिकत नाहीत. त्यांना शिकवायची रीत वेगळी लागते.

कायदाही त्यांच्या बाजूला आहे. दिव्यांगांसाठी २०१६ साली कायदा झाला. ज्या मुलाला शंभरात ४० किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला मिळतो, त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण फुकट आहे. जवळच्या शाळेत घाला, नाहीतर खास शाळेत घाला.

तेव्हा कोणी तुमच्या पोराला ढ म्हटले, तर आधी विचारा, "गुरुजी, त्याला ऐकू येते का? दिसते का?" ती आजी आधी आली असती, तर त्या पोराचा मार वाचला असता.