कोडिंग येत नसलं तरी चालेल: निवृत्त मेकॅनिक चाचांची शाळेला गरज आहे

पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात एसटीचे डेपो, साखर कारखाने, नागापूरची एमआयडीसी आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे. अशा ठिकाणी आयुष्यभर राबून निवृत्त झालेले फिटर, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक आपल्याही मोहल्ल्यात आहेत. त्यांच्या हातातलं हुनर घरी बसून आहे. शाळेतल्या रोबोटिक्सच्या मुलांना नेमकं तेच हवं आहे.

नीती आयोगाचं अटल इनोव्हेशन मिशन 2016 मध्ये सुरू झालं. त्यातून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळतात. निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान असतं. पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी 50,000 लॅब उभारण्याची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. किट पैशाने येईल, पण अनुभव कुठून आणणार? त्यासाठी 2017 पासून स्वयंसेवी मार्गदर्शकांचा, म्हणजे मेंटॉरचा उपक्रम आहे. आठवड्यातून एक-दोन तास द्यायचे, मानधन नाही.

“पण मला कोडिंग कुठं येतं?” हा पहिला प्रश्न. उत्तर एका उदाहरणात आहे. रोबोटची मोटार सुरू होते आणि त्याच क्षणी त्याचा मेंदू, म्हणजे आर्डुइनो बोर्ड, बंद होऊन पुन्हा चालू होतो. मुलं तासन्‌तास प्रोग्राममध्ये चूक शोधतात. स्टार्टर मारताना गाडीचे दिवे मंद होतात, हे पाहिलेला मेकॅनिक आधी बॅटरी तपासेल. मोटार सुरू होताना जास्त करंट ओढते, व्होल्टेज खाली जातं आणि बोर्ड अडखळतो. दुखणं दोन्हीकडे एकच.

दुसरं उदाहरण. मोटार थेट बोर्डाच्या पिनला जोडली तर बोर्ड जळू शकतो, कारण पिनमधून फारच कमी करंट मिळतो. म्हणून मध्ये मोटार ड्रायव्हर लावतात. गाडीतही स्टार्टरचा सगळा करंट चावीतून जात नाही, मध्ये सोलेनॉइड असतो. कोडिंग मुलं शिक्षकांकडून शिकतीलच. दोष टप्प्याटप्प्याने शोधायची सवय मात्र अनुभवी माणूसच लावतो.

मेंटॉरसाठी मोठं पथ्य एकच: पाना मुलांच्याच हातात राहू द्यायचा. “आधी काय तपासलंस?” असं विचारायचं आणि थांबायचं. रोबोट चाचांनी बनवला तर स्पर्धा जिंकताही येईल, पण मूल काही शिकणार नाही. किटची माहिती बहुतेक इंग्रजीत असते. तीच गोष्ट मराठीत, उर्दूत किंवा घरच्या दखनीत समजावली की मागे बसणारं मूलही पुढे येतं.

मुलींना आवर्जून बोलवा. अफगाणिस्तानातल्या हेरातच्या मुलींचा संघ 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या जागतिक रोबोटिक्स स्पर्धेत उतरला. त्यांचा व्हिसा आधी दोनदा नाकारला गेला होता. कोरोनाच्या काळात, 2020 मध्ये, याच चमूने टोयोटा कोरोलाचे सुटे भाग वापरून स्वस्त व्हेंटिलेटरचा नमुना तयार केला. गॅरेजमधलं ज्ञान किती दूर जाऊ शकतं, ते यातून दिसतं.

सुरुवात कशी करायची? मुख्याध्यापकांना भेटा, कामाचा अनुभव लिहून अर्ज द्या. आठवड्याचा एक वार ठरवा, रमजानमध्ये सकाळची वेळ घ्या. वर्गात शिक्षक हजर असलेच पाहिजेत, हे तुमच्या आणि मुलांच्याही भल्याचं. लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून खोली सोडू नका. शाळेत लॅब नसेल तर बिघडलेल्या प्रिंटरमधली मोटार आणि एक मल्टिमीटर एवढ्यावरही पहिला तास होतो.

आपल्या अब्बांनी किंवा नानांनी असं काम केलं असेल, तर आजच त्यांच्याकडे हा विषय काढा. शाळेत पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत जा.