मांडवातला सूर कोण धरणार?

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं लागतात आणि त्यानंतर घरोघरच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात. हा अंक हाती पडेल तेव्हा कितीतरी घरांत कार्यालय ठरलेलं असेल, आचारी नक्की झालेला असेल, फोटोवाल्याला विसारही पोचला असेल. संगीताचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो. मग कार्यालयाचा माणूस सकाळपासून सनईचं एकच रेकॉर्डिंग फिरवत ठेवतो आणि संध्याकाळ डीजेच्या हवाली होते. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्याकडे लग्नातल्या प्रत्येक विधीचं गाणं जसं ठरलेलं होतं, तसं ते म्हणणारं माणूसही ठरलेलं होतं. म्हणून गाण्यांची यादी करायच्या आधी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची यादी करा, असं मी भेटेल त्या वधुपित्याला आणि वरमाईला सांगतो.

मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं, त्या महदंबेची कीर्ती लग्नगीतांवर उभी आहे. तेराव्या शतकात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्ताने तिने धवळे रचले. विषय कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचा. ती परंपरा पोथीत बंद झालेली नाही. रायगड-ठाण्याच्या आगरी समाजात धवलारीण लग्न लावते, तेही गाऊन. पालघर-डहाणूच्या वारली पाड्यांवर पालघट देवीचा चौक लिहिला जातो तेव्हा धवलेरीचं गाणं लागतं. पौरोहित्य आणि गायन, दोन्ही एकाच बाईच्या कंठात. घाटावरच्या घरांत घाणा भरताना, हळद दळताना, विहिणीच्या पंगतीत बायकांची गाणी असत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाचा रोस अंगाला लावताना कोंकणी वेर्स म्हणतात. ही गाणी येणाऱ्या आत्या, मावश्या, आज्या आज सत्तरी-ऐंशीत आहेत. हळदीच्या दिवशी स्पीकर तासभर बंद ठेवून त्यांना मध्ये बसवायचं, एवढी आखणी पुरेशी आहे. त्यांना माईक नको, साथीला चार सुना हव्यात.

आता वाजंत्री. रत्नागिरी-रायगडकडे खालूबाजा वाजतो. त्यात सनई, ढोल, टिमकी, झांज. साताऱ्या-कोल्हापुराकडे हलगी, घुमकं आणि कैताळ, वर सनई. मुंबई-ठाण्याच्या कोळीवाड्यांत आणि चाळींत बेंजो पार्टी. लष्करी बँडच्या वळणाने आलेला क्लॅरिनेट-ट्रम्पेटचा ब्रास बँड तालुक्याच्या गावांतून अजून टिकून आहे. यातलं जे आपल्या भागातलं असेल त्यालाच सुपारी द्या. सनईवाल्याला वेळेचं भान असतं. सकाळी तो तोडी, भैरव काढेल, दुपारी सारंगाकडे वळेल, गोरज मुहूर्ताला पूर्वी किंवा मारवा धरेल. रेकॉर्डिंग सकाळचा राग जेवणाच्या पंगतीपर्यंत ओढत नेतं. बिस्मिल्ला खाँसाहेबांचे सूर पानाशेजारी कोशिंबिरीसारखे वाढले जातात, हे त्या सुरांचं मोल ओळखणाऱ्याला सहन होत नाही.

सगळ्यात जास्त विचार करावा तो मंगलाष्टकांचा. ती बहुतकरून शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात: प्रत्येक चरणात १९ अक्षरं, यती बाराव्या अक्षरावर. म्हणून तर संस्कृत असो की मराठी, एकाच चालीत सगळी बसतात आणि न शिकलेल्यालाही ती चाल धरता येते. हौसेने कुणी काका दोन्ही घरांची नावं गुंफून नवं मंगलाष्टक लिहून आणतात. ही हौस फार चांगली आहे, पण आठवडाभर आधी कागद मागून घ्या आणि बोटांवर अक्षरं मोजा. एकवीस अक्षरांची ओळ गाणाऱ्याला ऐन बोहल्यासमोर दमवते. म्हणणारे तीन, फार तर चार ठेवा. बाईची पट्टी काळी चार, पाच. पुरुषाची पांढरी एकच्या आसपास. पहिल्याने धरलेल्या सुरात दुसरीने म्हणायचं ठरलं की आवाज चिरकतो. पेटीवर कुणीतरी प्रत्येकाला आपापला षड्ज द्यावा. आणि त्या वेळात ते सनईचं रेकॉर्डिंग पूर्ण बंद! ते हळू आवाजात तसंच चालू राहतं आणि एका मांडवात दोन षड्ज भांडत बसतात.

गुरुजींची नजर घड्याळावर असते. मुहूर्ताला अवकाश असेल तर ते एखादं कडवं वाढवतात, घटिका भरत आली की शेवटच्यावर येतात. सावधानाचा अखेरचा पुकार होतो, अंतरपाट खाली येतो, ‘वाजवा रे’ म्हणून हाकारा होतो आणि ताशा कडाडतो. हा क्षण साधायला वाजवणाऱ्याला बोहलं दिसलं पाहिजे. आतल्या खोलीत बटणापाशी बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. तो उशिरा वाजवतो, नाहीतर शेवटच्या कडव्यावरच वाजवतो. दुसरं काही परवडत नसेल तरी निदान एक ताशेवाला आणि एक सनईवाला मांडवात उभा करा.

मंगलाष्टकांचा आशयही बदलता येतो, हे जोतीराव फुल्यांनी दाखवलं. १८७३मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्याच वर्षी ब्राह्मण पुरोहिताविना लग्न लागलं. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, स्त्रीच्या हक्काचं वचन मागतात आणि देतात. ज्यांची लग्नं ठरली आहेत त्यांनी ती जरूर वाचावीत. स्वतः म्हणण्याजोगा मजकूर याहून चांगला क्वचितच मिळेल. बौद्ध विवाहात त्रिसरण-पंचशील सामुदायिक म्हटलं जातं आणि भीमगीतांचा गायक आपला माणूस म्हणून मांडवात उभा राहतो. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी ही गाणी घराघरांत पोचवली.

कायद्याचं थोडक्यात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात बंदिस्त सभागृहाबाहेर ध्वनिवर्धक आणि वाद्यं वाजवता येत नाहीत. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. वरातीची वेळ याच हिशेबाने धरा. वाटेत इस्पितळ असेल तर रस्ता बदला. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२व्या कलमात लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे. तरी तिच्या व्याप्तीवरून वाद होत आले आहेत. गोवा सरकारचं याविषयीचं परिपत्रक २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. हॉटेलात समारंभ असेल तर परवान्याचं काय, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.

लग्नानंतरचा गोंधळ किंवा जागरण तासाभरात उरकायला सांगू नका. संबळ-तुणतुण्यावर आधी सगळ्या दैवतांना बोलावणं होतं, मग आख्यान रंगतं. वाघ्या-मुरळीच्या जागरणातही कथेला रात्र लागते. मोठ्या आवाजाची वेळ संपली तरी घरात दिवटीसमोर बसून आख्यान ऐकता येतं. वेळ नसेल तर तो दुसऱ्या दिवशी घाला, पण पुरता घाला. गोंधळी, सनईवाले, हलगीवाले यांना पैसे ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी द्या, त्यांची पानं पहिल्या पंगतीला मांडा आणि पत्रिकेत निमंत्रकांच्या नावांखाली त्यांचीही नावं छापा.