सेंटर स्पीकरची जोडी आणि गाणं ऐकण्याचं गणित



आजचा पाठ एका घरातल्या वादावरून सुचला. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, सिडको भागात माझा एक माजी विद्यार्थी राहतो. त्याच्याकडे जुन्या होम थिएटरचा एक सेंटर स्पीकर होता. मित्राने आपला संच बदलला, तेव्हा अगदी त्याच मॉडेलचा दुसरा सेंटर स्पीकर त्याला मिळाला. उभे मोठे स्पीकर ठेवायला खोलीत जागा नाही. म्हणून त्याने हे दोन लांबट स्पीकर टीव्हीच्या शोकेसवर दोन टोकांना आडवे ठेवले, ॲम्प्लिफायरला डावा आणि उजवा म्हणून जोडले, आणि वडिलांच्या आवडीचं शास्त्रीय गायन लावलं.

समोरच्या खुर्चीत बसून तो म्हणाला, "सर, एकदम मस्त वाजतंय ना?"

खिडकीजवळच्या दिवाणावरून त्याची आई म्हणाली, "अरे, गाणारा बादलीत तोंड घालून गातोय असं वाटतंय मला इथून."

गंमत अशी की रोज संध्याकाळी गाणं ऐकणारे आई-वडील त्या दिवाणावरच बसतात! मुलगा आता हप्त्यांवर नवीन स्पीकर घ्यायच्या विचारात होता. मी म्हटलं, "थांब. आधी एक मोजपट्टी आण." त्या अर्ध्या तासात जे समजलं, तोच आजचा पाठ.

सेंटर स्पीकर कशासाठी बनवतात?

होम थिएटरच्या ५.१ संचात पाच स्पीकर आणि एक सबवूफर असतो. समोर डावा, उजवा आणि मधला, मागे किंवा बाजूला दोन. हा मधला म्हणजेच सेंटर स्पीकर. सिनेमातले बहुतेक संवाद यातून येतात.

मध्ये वेगळा स्पीकर का लागतो? स्टिरिओमध्ये दोनच स्पीकर असतात. गायकाचा आवाज दोन्हींतून सारखाच आला, की गायक बरोबर मध्ये बसलाय असा आपल्याला भास होतो. तिथे खरं तर काहीच नसतं. मैफलीत गायक मध्ये, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, ही बैठक दोन पेट्यांतून डोळ्यांसमोर उभी राहते ती याच युक्तीने. पण तुम्ही एका बाजूला सरकलात, की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो आणि गायकही त्या बाजूला सरकल्यासारखा वाटतो.

ही अडचण जुनी आहे. स्टिरिओचं मूळ पेटंट इंग्लंडच्या ॲलन ब्लमलिन यांनी १९३१ साली दाखल केलं. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत बेल लॅबने एक प्रयोग केला. वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनच्या सभागृहात बसले होते. आवाज टेलिफोनच्या तारांवरून नेला, आणि तोही डावा, मधला, उजवा अशा तीन वाटांनी. मोठ्या सभागृहात सगळेच काही मधल्या खुर्चीत बसू शकत नाहीत, म्हणून मधला स्पीकर उपयोगी पडतो. घरातला सेंटर स्पीकर हा त्याचाच वंशज समजा.

तो आडवा का असतो?

याचं उत्तर अगदी घरगुती आहे: टीव्हीच्या खाली किंवा वर मावावा म्हणून! आवाजासाठी आडवेपणा चांगला असतो असं मुळीच नाही.

बहुतेक सेंटर स्पीकरची जाळी काढली की तीन गोल दिसतात. दोन्ही टोकांना दोन वूफर आणि मध्ये छोटा ट्वीटर. वूफर खालचे आणि मधले स्वर वाजवतात, ट्वीटर वरचे. हे काम वाटून देणाऱ्या सर्किटला क्रॉसओव्हर म्हणतात. दोन वूफर, मध्ये ट्वीटर ही मांडणी अभ्यासून नावारूपाला आणली अमेरिकन अभियंता जोसेफ डॅपोलिटो यांनी, १९८० च्या दशकात. पण लक्षात घ्या, त्यांची मांडणी उभी होती. एकाखाली एक!

दोन खडे, एक तलाव

आता मुद्द्याचं विज्ञान. हर्सूल तलावाच्या शांत पाण्यात थोड्या अंतरावर एकाच वेळी दोन खडे टाकले, तर दोन्हींची वर्तुळं एकमेकांत मिसळतात. काही ठिकाणी लाट उंच होते, तर काही ठिकाणी पाणी जवळजवळ स्थिर राहतं. एका लाटेचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकाच वेळी आले की दोन्ही एकमेकींना खोडून टाकतात. याला व्यतिकरण म्हणतात.

दोन वूफर म्हणजे हे दोन खडे. दोघेही तोच आवाज काढतात. तुम्ही बरोबर समोर असाल, तर दोघांचं अंतर सारखं, आवाज मिळून येतो. बाजूला गेलात, की एक वूफर जवळ आणि दुसरा लांब. हा फरक अर्ध्या तरंगलांबीएवढा झाला, की तो स्वर खोडला जातो.

आम्ही मोजलं. दोन वूफरच्या मध्यबिंदूंमध्ये ३० सेंटिमीटर अंतर भरलं. हवेत ध्वनीचा वेग सुमारे ३४५ मीटर प्रति सेकंद धरू. (साधारण २५ अंश सेल्सिअसला एवढाच असतो. उन्हाळ्यात थोडा वाढतो.) अंतरातला फरक काढायला ३० ला कोनाच्या साइनने गुणायचं. दहावीची त्रिकोणमिती इथे कामाला येते बरं का!

समोरच्या रेषेपासून १० अंश बाजूला: फरक साधारण ५ सेंटिमीटर. खोडला जाणारा स्वर सुमारे ३३०० हर्ट्झचा. तिथे बहुतेक स्पीकरमध्ये ट्वीटरने काम हातात घेतलेलं असतं, म्हणून फारसं बिघडत नाही.

२० अंश बाजूला: फरक साधारण १० सेंटिमीटर. खोडला जाणारा स्वर सुमारे १७०० हर्ट्झचा.

३० अंश बाजूला: फरक १५ सेंटिमीटर. खोडला जाणारा स्वर ११५० हर्ट्झचा.

१००० ते २००० हर्ट्झ हा पट्टा माणसाच्या आवाजाच्या स्पष्टतेसाठी फार मोलाचा. नेमका तोच कमी झाला, की आवाज पोकळ वाटतो. भिंतींवरून परत येणारा आवाज थोडी भरपाई करतो, त्यामुळे स्वर पूर्ण नाहीसा होत नाही, पण गाण्याचा पोत बदलतो.

मुलाने दोन्ही स्पीकरची तोंडं स्वतःच्या खुर्चीकडे वळवली होती. म्हणून त्याला सगळं छान. दिवाण मात्र एका स्पीकरच्या समोरच्या रेषेपासून सुमारे २५ अंश आणि दुसऱ्याच्या सुमारे ३५ अंश बाजूला होता. म्हणजे आईची "बादली" खरी होती, आणि मुलाचं "मस्त"ही खरं होतं. दोघं एकाच खोलीत बसून वेगवेगळा आवाज ऐकत होते!

उपाय: उभे करा

मग आम्ही दोन्ही स्पीकर उचलले आणि शोकेसच्या बाजूंना, मजबूत स्टुलांवर उभे ठेवले. आता वूफर एकाखाली एक आले. व्यतिकरण संपलं का? नाही. ते फक्त आडव्याचं उभं झालं. आता डावीकडे-उजवीकडे सरकलं तरी दोन्ही वूफर सारख्याच अंतरावर राहतात. फरक पडतो तो वर-खाली गेल्यावर.

आणि घरात माणसं शेजारी-शेजारी बसतात, एकमेकांच्या डोक्यावर नाही! कोणी खुर्चीत, कोणी खाली सतरंजीवर बसलं, तरी कानांच्या उंचीत साधारण ३५ सेंटिमीटरचा फरक. २.४ मीटर अंतरावरून हा कोन जेमतेम ८ अंश होतो. म्हणजे आपण सुरक्षित पट्ट्यातच. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आला, की काम झालं.

आईने तीच बंदिश पुन्हा ऐकली आणि म्हणाली, "आता शब्द कळतात." वडील काही बोलले नाहीत, फक्त मांडीवर ताल धरला.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. दिवाणावरून गायक अजूनही जवळच्या स्पीकरकडे सरकलेलाच वाटतो. स्टिरिओचा तो स्वभावच आहे. स्पीकरची तोंडं थोडी जास्त आत वळवली, म्हणजे त्यांच्या रेषा मधल्या खुर्चीच्या पुढेच एकमेकींना छेदतील अशी, तर जवळचा स्पीकर थोडा सौम्य आणि लांबचा थोडा स्पष्ट होतो. त्याने बरंच सुधारतं, पूर्ण नाही.

हे आधी तपासा

तुमच्याकडेही अशी जोडी असेल, तर पुढच्या गोष्टी पाहून घ्या.

१. जोडी एकाच मॉडेलची हवी. दोन वेगळ्या कंपन्यांचे सेंटर जोडले, तर मधला गायक धूसर होतो.

२. जाळी काढून रचना पाहा. काही चांगल्या सेंटरमध्ये दोन वूफरच्या मध्ये एक छोटा मध्यम स्वरांचा स्पीकर आणि बरोबर त्याच्या वर ट्वीटर असतो. असा स्पीकर आडवाच ठेवायचा. आडवेपणाचा दोष त्यात आधीच बराच कमी केलेला असतो. तो उभा केलात, तर उलट बिघडवाल.

३. ट्वीटरभोवती रुंद कर्ण्यासारखा आकार असेल, तर तो आवाज एका दिशेला जास्त पसरवण्यासाठी असू शकतो. उभं केल्यावर तो फिरतो. अशा वेळी दोन्ही मांडण्या ऐकूनच ठरवा.

४. खालचे स्वर. संवादासाठी बनलेल्या स्पीकरकडून बायाच्या घुमाराची फार अपेक्षा करू नका. होम थिएटरचा रिसीव्हर आणि सबवूफर असेल, तर स्पीकर 'स्मॉल' निवडा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. खालचं काम सबवूफर करेल.

५. मागे किती ओहम लिहिलंय ते पाहा आणि ॲम्प्लिफायरला ते चालतं का याची खात्री करा. लाल तार लालला, काळी काळ्याला. एका स्पीकरची तार उलटी झाली, तर मधला गायक गायब होतो आणि खालचे स्वरही पातळ होतात.

६. उभा केलेला लांबट स्पीकर सहज कलंडतो. घरात लहान मुलं असतील, तर खाली रबरी गाद्या लावा, बूड रुंद करा, नाहीतर भिंतीला नीट पट्टा बांधा. हा मुद्दा शेवटी लिहिला, तरी करायचा पहिल्यांदा.

खोलीचाही आवाज असतो

वेरूळच्या १० क्रमांकाच्या विश्वकर्मा लेणीत गेला असाल, तर आठवा. उंच कमानदार छताखाली उच्चारलेला शब्द घुमत राहतो, कारण चारी बाजूंना कठीण दगड आहे. आपल्या मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत खाली शहाबादी फरशी आणि चारी बाजूंना उघड्या भिंती असतात. तिथेही लहान प्रमाणात तेच होतं. स्पीकर आणि आपली बैठक यांच्यामध्ये एक जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा एवढं केलं, तरी गाणं निवळतं. नवा स्पीकर घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

मग सेंटर स्पीकर मुद्दाम विकत घ्यावेत का?

नाही. पैसे खर्च करायचेच असतील, तर स्टिरिओसाठी बनलेली छोट्या बुकशेल्फ स्पीकरची जोडी घ्या. ती मूळ याच कामासाठी बनलेली असते. पण घरात सारख्या सेंटर स्पीकरची जोडी आहेच, तर "हे गाण्यासाठी नसतात" असं कोणी म्हणालं म्हणून ती माळ्यावर टाकू नका. खोक्यावरचं नाव बनवणाऱ्याने दिलेलं असतं. आपल्या खोलीत तो कसा वाजतो, हे आपल्या कानांनी आणि मोजपट्टीने ठरवायचं.

आता तुमचा प्रयोग

एकच स्पीकर चालू ठेवा. त्यावर बातम्या किंवा रेडिओच्या दोन केंद्रांमधली खरखर लावा. स्पीकर आडवा ठेवून समोरून हळूहळू बाजूला चालत जा. खरखरीचा पोत कुठे बदलतो तिथे खडूने खूण करा. मग स्पीकर उभा करून पुन्हा चाला. वूफरमधलं अंतर मोजा, कोन काढा, आणि कोणता स्वर खोडला गेला असेल याचं गणित वहीत मांडा.

प्रयोग करताना घरातल्या सगळ्यांना आपापल्या नेहमीच्या जागी बसवा आणि प्रत्येकाला विचारा, "तुला तिथून कसं ऐकू येतंय?" त्या घरात हप्ते वाचले ते या प्रश्नामुळे. आई बाजूला बसली होती, तिने खरं सांगितलं, आणि कोणीतरी ते ऐकून घेतलं.