प्रारण व तृणसमुदाय
आयनीकारक प्रारणाचा (गॅमा किरण, बीटा कण इ.) मारा वर्षानुवर्षे होत राहिल्यास गवताळ भूमीवरील वनस्पतींच्या जाती व त्यांचे परस्परप्रमाण बदलते. थोड्या वेळात मिळालेल्या मोठ्या मात्रेने वनस्पती मरतात. दीर्घकालीन लहान मात्रेने संवेदनशील जाती हळूहळू मागे पडतात आणि सहनशील जाती त्यांची जागा घेतात.

कारणे : प्रारणाचा आघात मुख्यत्वे विभाजन पावणाऱ्या कोशिकांच्या (पेशींच्या) केंद्रकावर होतो. ए. एच. स्पॅरो यांनी दाखविल्याप्रमाणे गुणसूत्रांचे आकारमान जितके मोठे, तितकी संवेदनशीलता सामान्यतः अधिक असते. पाइन वृक्ष यामुळे लवकर मरतात. याउलट पुष्कळ गवतांचे वाढीचे बिंदू जमिनीलगत वा मूलक्षोडावर मातीखाली असल्याने त्यांना संरक्षण मिळते. मातीतील सुप्त बियाही बऱ्यापैकी तग धरतात.

प्रयोग : अमेरिकेतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेत जी. एम. वुडवेल यांनी १९६१ मध्ये ओक-पाइन वनात ९,५०० क्यूरींचा सीझियम-१३७ उद्‌गम बसविला. रोज २० तास प्रारण दिल्यावर त्याभोवती वनस्पतींची वलये निर्माण झाली. दररोज २०० राँटगेनांपेक्षा अधिक मात्रेच्या मध्यभागी फक्त काही शेवाळी व शैवाक उरले. त्याबाहेर कॅरेक्स पेन्सिल्व्हॅनिका या लव्हाळ्याच्या कुलातील वनस्पतीचा सलग गालिचा पसरला. त्यापलीकडे अनुक्रमे झुडपे, ओक व मूळचे वन होते. पडीक शेतातील तृणसमुदाय वनापेक्षा अधिक सहनशील ठरला.

चेर्नोबिल : युक्रेनमधील २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर अणुकेंद्रालगतचे पाइन वन करपून तांबूस झाले, पुढे तेथे गवते व बर्च वाढले. ओस पडलेल्या शेतांतही गवताळ वनश्री व नंतर वृक्ष आले. मात्र हा बदल केवळ प्रारणामुळे झालेला नाही. नांगरणी व चराई थांबणे हेही त्याचे महत्त्वाचे कारण आहे. दोन्ही परिणाम वेगळे करण्यासाठी सारखीच माती व सारखाच पूर्वेतिहास असलेल्या, परंतु कमी दूषित भूमीशी तुलना करावी लागते.

महत्त्व : हिरवेगार कुरण निर्धोक असतेच असे नाही. दाट आच्छादनाखाली जातींची विविधता घटलेली असू शकते. शिवाय सु. ३० वर्षे अर्धायुकाल असलेले सीझियम-१३७ मुळांवाटे गवतात व त्यातून जनावरांच्या दुधामांसात उतरते. ब्रिटनमधील काही डोंगराळ भागांत मेंढ्यांवर १९८६ मध्ये घातलेले निर्बंध २०१२ मध्ये पूर्णपणे उठले.